डुलत्या सिलिंडरचं पितळी वाफेचं इंजिन: घरच्या लेथवर, पहिल्या कापापासून पहिल्या वाफेपर्यंत

मुठीत मावणारं, पितळेचं, खरोखर वाफेवर चालणारं इंजिन घरच्या छोट्या लेथवर बनवता येतं. त्यासाठी कास्टिंग लागत नाही आणि मिलिंग मशीन नसलं तरी अडत नाही. लागतो तो लेथ, चार जबड्यांचा चक, उभं ड्रिल, बरे टॅप-डाय (आटे पाडायची हत्यारं) आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग नीट दाखवणारा मायक्रोमीटर. मी इथे ज्या इंजिनाबद्दल लिहितोय त्याला ऑसिलेटिंग, म्हणजे डुलत्या सिलिंडरचं इंजिन म्हणतात. यात वेगळा व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडर एका खुंटीवर घड्याळाच्या लंबकासारखा डुलतो आणि त्या डुलण्यातूनच वाफ आत घेण्याचं आणि बाहेर सोडण्याचं काम होतं.

हे खेळण्यापुरतंच तंत्र आहे असा समज मात्र करून घेऊ नका. जेम्स वॅटच्या कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम मरडॉकने १७८५ च्या सुमारास अशा इंजिनाचा नमुना केला होता, आणि १८५८ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाची वल्हीचाकं फिरवणारं इंजिन याच जातीचं होतं. त्याचे सिलिंडर ७४ इंच व्यासाचे आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची चाल, १४ फुटांचा. आपला सिलिंडर १० मिलिमीटरचा असणार आहे, पण भूमिती तीच.

सुरुवातीलाच मुख्य गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढची सगळी कामं तिच्याभोवती फिरतात. या इंजिनाचा जीव एका सपाट बाजूत आहे: सिलिंडरची जी बाजू उभ्या पट्टीवर घासत डुलते ती. तिला मी ‘पोर्टची बाजू’ म्हणेन; पोर्ट म्हणजे वाफ ये-जा करण्याचं भोक. ही बाजू सपाट, बोअरला (सिलिंडरच्या आतल्या गोल भोकाला) समांतर आणि खुंटीला काटकोनात असेल तर बाकीच्या बऱ्याच चुका इंजिन पोटात घालतं. ती बिघडली, तर आरशासारखं चकचकीत केलेलं इंजिनही नुसतं फुसफुसत बसतं. माझं पहिलं इंजिन असंच फुसफुसत बसलं होतं. मी पिस्टन तीनदा नव्याने केला, आणि दोष होता खुंटीच्या तिरपेपणात.

मापं आधी कागदावर

बोअर १० मि.मी., स्ट्रोक १६ मि.मी. म्हणजे क्रँकपिन (पिस्टनचा दांडा जिला जोडतो ती पिन) शाफ्टच्या मध्यापासून ८ मि.मी.वर. शाफ्टच्या मध्यापासून खुंटीचा मध्य ४० मि.मी. वर. सिलिंडर खुंटीच्या वरती-खालती सारखाच, एकूण ३३ मि.मी. लांब, त्याचं झाकण वर आणि उघडं तोंड खाली. सिलिंडरमधलं पोर्टचं भोक खुंटीपासून १२ मि.मी. वर, २ मि.मी. व्यासाचं.

आता या आकड्यांचं नातं समजून घ्या, म्हणजे पुढे तुमच्या मनाने इंजिन मोठं-लहान करता येईल. क्रँक ८ आणि अंतर ४०, म्हणून सिलिंडर जास्तीत जास्त किती कलतो त्याचं साइन ८ भागिले ४०, म्हणजे ०.२. कोन होतो साधारण साडेअकरा अंश. खुंटीपासून १२ मि.मी.वरचं पोर्ट त्यामुळे मध्यरेषेपासून १२ गुणिले ०.२, म्हणजे २.४ मि.मी. डावीकडे आणि तितकंच उजवीकडे सरकतं. तेव्हा उभ्या पट्टीवरची दोन भोकं, एक वाफ येण्याचं आणि एक जाण्याचं, बरोबर तिथेच हवीत: मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना २.४ मि.मी.

इथे भोकाचा व्यास २.४ पेक्षा मोठा झाला तर सिलिंडर सरळ उभा असताना, म्हणजे मृतबिंदूवर (पिस्टन चालीच्या टोकाला असताना), त्याचं पोर्ट दोन्ही भोकांना एकाच वेळी शिवतं आणि वाफ पिस्टनला न ढकलता थेट बाहेर पळते. बरोबर २.४ ठेवायला हात अगदी अचूक हवा. २ मि.मी. घेतलं की ०.४ मि.मी.ची आड राहते. तिच्यामुळे वाफ वरच्या मृतबिंदूनंतर क्रँक साधारण ८ अंश फिरल्यावर सुरू होते आणि खालच्या मृतबिंदूच्या साधारण १२ अंश आधी बंद होते. थोडी ताकद जाते, पण इंजिन खात्रीने चालतं. पहिल्या इंजिनासाठी हा सौदा फायद्याचा आहे.

पितळ आणि बाकीचं सामान

सिलिंडरसाठी १६ मि.मी. चौकोनी पितळी सळई, उभ्या पट्टीसाठी ६ मि.मी. जाडीची ४० बाय ९२ ची पट्टी, फ्लायव्हीलसाठी (गती टिकवणाऱ्या जड चाकासाठी) ४५ मि.मी. गोल सळईचा तुकडा, क्रँकच्या चकतीसाठी २४ मि.मी. गोल. शाफ्ट ५ मि.मी. सिल्व्हर स्टीलचा. खुंटी, क्रँकपिन आणि पिस्टनचा दांडा ३ मि.मी.चे. दांडा स्टेनलेसचा असला तर गंजत नाही. पिस्टन आणि शाफ्टचं बुश (शाफ्ट जिच्यात फिरतो ती नळी) फॉस्फर ब्राँझचं करावं. पितळी सिलिंडरात पितळी पिस्टन चालतो, पण एकाच धातूचे दोन भाग तेल कमी पडलं की एकमेकांना धरतात आणि ओरखडे पडतात. ॲल्युमिनियमचा पिस्टन तर नकोच. तो तापल्यावर पितळेपेक्षा जास्त फुगतो आणि हवेवर छान पळणारं इंजिन वाफेवर जाम होतं.

सहज कापलं जाणारं पितळ, ज्यात थोडं शिसं असतं, तेच घ्या. त्याचा कीस सुईसारखा बारीक उडतो, म्हणून चष्मा घातल्याशिवाय चक सुरू करायचा नाही. टूलला वरचा उतार द्यायचा नाही, माथा सपाट ठेवायचा. पोलादासाठी घासलेलं टूल पितळेत स्वतःहून घुसतं. ड्रिलचंही तसंच. नवं कोरं ड्रिल पितळेला बोल्टसारखं ओढून घेतं आणि तुकडा हातातून हिसकावतं. म्हणून ड्रिलच्या दोन्ही कापत्या धारांवर बारीक दगड उभा धरून केसभर रुंदीची सपाट पट्टी पाडा. पितळेसाठी अशी वेगळी ड्रिलं डब्यात कायमची ठेवलेली बरी.

सिलिंडर: आधी बोअर, मग बाजू

सळईचा ३४ मि.मी. तुकडा कापून दोन्ही टोकं लेथवर सपाट करत ३३ वर आणा. आता बोअर. तो सळईच्या मध्यात नको, कारण पोर्टच्या बाजूची भिंत जाड लागते. तिच्यात खुंटीचे आटे बसायचे आहेत. बोअरचा मध्य पोर्टच्या बाजूपासून ९.३ मि.मी.वर आखा. दुसऱ्या दिशेने तो मध्यातच, ८ मि.मी.वर. पोर्टच्या बाजूवर पंचने एक छोटी खूण करून ठेवा, नाहीतर तासाभराने कोणती बाजू कोणती ते कळत नाही.

चार जबड्यांच्या चकमध्ये तुकडा बांधून आखलेला बिंदू टेलस्टॉकच्या (चकसमोरच्या सरकत्या आधाराच्या) टोकाला जुळवा. सेंटर ड्रिल, मग ६, मग ९ चं ड्रिल आरपार. इथून थेट रीमर (भोक नेमक्या मापावर आणणारं हत्यार) घालण्याचा मोह होतो. तो टाळा. ड्रिल जिथे वाकलं असेल तिथेच रीमर त्याच्यामागे जातो. तो भोक गोल आणि गुळगुळीत करतो, सरळ करत नाही. बोअरिंग बारने ९.८५ पर्यंत या, बारीक काप घ्या, शेवटचा काप त्याच मापावर दोनदा फिरवा. मग १० मि.मी.चा रीमर, चक अगदी हळू, रीमर एका दमात आत आणि चक त्याच दिशेने फिरत असतानाच बाहेर. उलटा फिरवला तर धार जाते आणि बोअरवर रेघा उमटतात.

आता सगळ्यात महत्त्वाची बांधणी. तुकडा चकमध्ये आडवा, पोर्टची बाजू बाहेर करून, खुंटीचा बिंदू (दोन्ही टोकांपासून १६.५ आणि बोअरच्या बरोबर वर) लेथच्या अक्षावर येईल असा बांधा. बोअरमध्ये १० मि.मी.ची घट्ट सरकणारी सरळ सळई घाला, दोन्हीकडे बाहेर डोकावेल इतकी लांब. डायल गेज क्रॉस स्लाइडवर बसवून सळईच्या एका टोकाचं आणि दुसऱ्या टोकाचं वाचन घ्या. दोन्ही सारखं येईपर्यंत तुकड्याखाली पातळ पत्रा घालत, टोकत, पुन्हा आवळत राहा. मला यात कधी दहा मिनिटं लागतात, कधी तास. हा वेळ इंजिनात सगळ्यात चांगला खर्च झालेला वेळ आहे. गेजचं काम झालं की सळई काढून घ्या, आणि ती काढली आहे हे डोळ्याने बघूनच मशीन सुरू करा.

मग याच बांधणीत, काहीही न सोडता, तीन कामं: बाजूवरून ०.३ मि.मी. काप घेऊन ती सपाट करा. मध्यभागी खुंटीभोवती १२ मि.मी. व्यासाचा, ०.३ मि.मी. खोल खड्डा कोरा. आणि टेलस्टॉकमधून २.५ चं ड्रिल आणि एम-३ चा टॅप. सपाट बाजू, खड्डा आणि आटे एकाच अक्षावर झाल्यामुळे खुंटी आपोआप बाजूला काटकोनात बसते. हा काटकोन नंतर हाताने साधणं फार कठीण आहे. खड्डा कशाला, तर बाजू मधोमध न टेकता खुंटीपासून दूर, पोर्टच्या भागात टेकावी म्हणून. ड्रिल टोकासकट ३ मि.मी.पेक्षा खोल जाऊ देऊ नका. त्यापुढे भिंत फार उरत नाही. टॅप शेवटपर्यंत कापणारा, चपट्या टोकाचा घ्या आणि तोही टेलस्टॉकच्या आधाराने हाताने फिरवा.

खुंटी ३ मि.मी. सळईची, एकूण २२ मि.मी., दोन्ही टोकांना आटे, मधला भाग कोरा. पट्टीतल्या भोकात आटे फिरायला नकोत, ते कानशीसारखे भोक खातात. आतलं टोक आवळून नरम झाळ (सोल्डर) द्या किंवा उष्णता सोसणारा आटे-पक्के करणारा चिकट द्रव वापरा. आटे मोजकेच आहेत, नुसत्या आवळण्यावर भरवसा नको.

झाकण पितळेचं, त्याला १० मि.मी. व्यासाचा, ३ मि.मी. लांबीचा आत शिरणारा गळा. चार कोपऱ्यांत एम-२ चे स्क्रू, खाली तेलात भिजवलेल्या पातळ कागदाचं पॅकिंग. इतकं पुरतं.

उभी पट्टी आणि पोर्टची भोकं

पट्टीवर एक उभी मध्यरेषा ओढा. तळापासून २८ मि.मी.वर शाफ्ट, ६८ वर खुंटी. खुंटीचं भोक ३ मि.मी., शक्य तर रीमर मारून. शाफ्टसाठी ब्राँझचं बुश, आत ५ मि.मी., लांबी १८, पट्टीच्या पुढे फक्त अर्धा मिलिमीटर डोकावणारं, बाकी मागे. दोन्ही भोकं पट्टीला काटकोनातच हवीत. उभ्या ड्रिलच्या टेबलावर आधी गुण्या लावून बघा. टेबल सरळ असेलच असं गृहीत धरू नका.

पोर्टची भोकं नुसती आखून पंच मारून पाडली तर ती हमखास चुकतात. २ मि.मी.चं भोक ०.३ मि.मी. सरकलं तर आपली ०.४ ची आड जवळजवळ संपते. यावर उपाय आहे तो साच्याचा. ३ मि.मी. जाडीची पोलादी पट्टी घ्या, ७० मि.मी. लांब. तिच्यावर लांबीच्या दिशेने, मधोमध एक बारीक रेघ ओढा. या रेघेवर ३ मि.मी.चं एक भोक, आणि त्याच्यापासून नेमकं १२ मि.मी.वर २ मि.मी.चं दुसरं. रेघ दुसऱ्या बाजूला निदान ४५ मि.मी. पुढे जायला हवी. तिथे पट्टीचं टोक रेघेपर्यंत अर्धं कापून टाका, म्हणजे रेघेचीच कड तयार होते.

आधी हा साचा सिलिंडरच्या खुंटीवर बसवा. खड्डा सोडून तो सपाट टेकेल. रेघ बोअरच्या मध्यरेषेशी जुळवून क्लँपने दाबा आणि २ चं ड्रिल बोअरपर्यंत न्या. आत बोअरमध्ये उठलेली धार बोटाला लागते. ती रीमर हाताने एकदा फिरवून काढा.

आता तोच साचा उभ्या पट्टीवर, खुंटीच्या भोकात ३ मि.मी.ची पिन घालून. शाफ्टच्या मध्याच्या पातळीवर मध्यरेषेपासून डावीकडे आणि उजवीकडे ८.१६ मि.मी.वर खुणा करा. ४० मि.मी. अंतरावर साडेअकरा अंशांचा कल एवढाच भरतो. साच्याची कड डाव्या खुणेवर आणा, दाबा, भोक पाडा. मग उजव्या खुणेवर आणा, दुसरं भोक पाडा. यातली गंमत अशी की खूण करताना ०.२ मि.मी. चूक झाली तरी ती ४० मि.मी.च्या भुजेवर झालेली असते, १२ मि.मी.वरच्या भोकाशी ती ०.०६ इतकीच उरते. आणि सिलिंडर व पट्टी दोन्हींवरचं १२ मि.मी. एकाच साच्यातून आलेलं असल्यामुळे तिथे फरक पडायची शक्यताच नाही.

भोकं आरपार पाडून मागच्या बाजूने ३ मि.मी.च्या ड्रिलने ३ मि.मी. खोल मोठी करा. त्यात ३ मि.मी.ची तांब्याची नळी बसते. दोन्ही नळ्या एकाच तापात चांदीच्या झाळेने जोडा. साधारण ५५ टक्के चांदीची झाळ ६३० ते ६६० अंशांना वाहते, पितळ त्याच्या वर दोन-सव्वादोनशे अंशांवर वितळायला लागतं. म्हणजे सवड आहे, पण बेफिकिरी चालणार नाही. शिशाचं पितळ लाल असताना ठिसूळ असतं. रंग पूर्ण जाईपर्यंत ते हलवूही नका. ब्राँझचं बुश झाळकाम झाल्यावर बसवा.

घोटणं

पट्टी तापून निवली की ती किंचित वाकते. म्हणून सपाटीचं शेवटचं काम झाळेनंतर. जाड काचेचा तुकडा टेबलावर, त्यावर ओला ६०० नंबरचा पॉलिश पेपर. पट्टी त्यावर इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, दर वीस फेऱ्यांनी हातातली दिशा बदला. आधी पृष्ठभागावर मार्करची शाई फासून ठेवली तर कुठे टेकतंय आणि कुठे नाही ते लगेच दिसतं. शाई सगळीकडून सारखी गेली की १,००० नंबर. सिलिंडरच्या बाजूला खुंटी आडवी येते, म्हणून काचेच्या काठाशी कागद थोडा बाहेर काढून बाजूचा एक अर्धा भाग, मग दुसरा असं करू नका; त्याने बाजू घुमटासारखी गोल होते. त्याऐवजी एका सपाट पोलादी ठोकळ्याला खुंटीपुरतं सैल भोक पाडा, त्यावर भोक पाडलेला कागद चिकटवा आणि सिलिंडर त्यावर थोड्या थोड्या कोनात फिरवत, मधूनमधून सरकवत घोटा. लेथवरचा शेवटचा काप स्वच्छ असेल तर इथे फार काही काढायचं नसतंच.

दोन्ही बाजूंमध्ये घासण्याची पेस्ट घालून त्या एकमेकांवर फिरवण्याची सूचना पुष्कळ जण देतात. मला ती मान्य नाही. सिलिंडर खुंटीभोवतीच फिरतो, त्यामुळे पेस्ट गोल चऱ्या पाडते, आणि तिचे कडक कण मऊ पितळेत रुतून बसतात व पुढे वर्षभर झीज करत राहतात. शेवटी दोन्ही बाजूंना शाई लावून एकमेकांवर टेकवा आणि थोडं डुलवा. पोर्टभोवती अखंड टेकलेली पट्टी दिसली पाहिजे. मधे कुठे दरी दिसली तर पुन्हा काचेवर.

पिस्टन, क्रँक, चाक

पिस्टन १० मि.मी. लांब. बोअरपेक्षा ०.०१ ते ०.०२ मि.मी. बारीक. कोरडा घातला तर स्वतःच्या वजनाने हळूहळू उतरावा, आणि पोर्ट बोटाने बंद केलं की अडकून राहावा. ही परीक्षा मायक्रोमीटरपेक्षा बोलकी आहे. अंगावर अर्धा मिलिमीटरच्या दोन चऱ्या कोरा, त्यात तेल आणि पाणी साठून वाफ अडते. रिंग, दोरा काही लागत नाही. पिस्टन आधी दांड्यावर आट्यांनी पक्का बसवून मग दांडा धरून बाहेरून शेवटचा काप घ्या, म्हणजे दोघांचा अक्ष एकच राहतो.

दांड्याच्या दुसऱ्या टोकाला ४ मि.मी. जाडीचा पितळी ठोकळा, त्यात क्रँकपिनचं ३ मि.मी. भोक. या भोकाच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंत ४२.५ मि.मी. हवेत. मग पिस्टन सगळ्यात वर असताना त्याचा माथा पोर्टच्या खालच्या कडेपेक्षा अर्धा मिलिमीटर खाली राहतो आणि झाकणाच्या गळ्यापर्यंत ३ मि.मी. जागा उरते. पिस्टनने पोर्ट झाकलं तर वाफेला सुरुवातच मिळत नाही.

क्रँकची चकती २४ व्यासाची, ६ जाड. मध्याचं भोक एका बांधणीत, मग तीच चकती चार जबड्यांत ८ मि.मी. सरकवून पिनचं भोक, तेही लेथवरच. हाताने ड्रिल केलेली पिन शाफ्टला समांतर राहत नाही आणि दर फेऱ्याला इंजिन एकाच जागी अडखळतं. पिन चकतीच्या बाहेर ५ मि.मी. पुरे, तिच्यावर नट नको, दांडा सिलिंडरात असल्यामुळे ठोकळा निसटत नाही.

फ्लायव्हील ४५ व्यासाचं, १२ जाड. भरीव ठेवलं तर १६० ग्रॅमच्या आसपास भरतं. मधे कोरून वजन कडेला ठेवलं तर दिसायलाही छान. शेवटचा काप मात्र त्याच्याच शाफ्टवर बसवून घ्या, म्हणजे फिरताना डुगडुगत नाही.

जोडणी आणि हवेवर पहिली फेरी

खुंटीच्या मागच्या टोकावर हलकी स्प्रिंग, वायसर आणि दोन नट. स्प्रिंगचा दाब ५ ते ८ न्यूटन, म्हणजे अर्धा-पाऊण किलो वजनाएवढा. जास्त आवळली तर गळती थांबल्यासारखी वाटते, पण घर्षण सगळी ताकद खाऊन टाकतं. स्प्रिंग सैल असण्याचा आणखी एक उपयोग आहे, तो वाफेच्या वेळी कळेल.

सगळं जोडलं की थेंबभर तेल घालून फ्लायव्हील बोटाने फिरवा. कुठे जड लागतं? दर फेऱ्याला ठरावीक जागी लागत असेल तर क्रँकपिन तिरपी आहे किंवा बोअर उभ्या पट्टीला समांतर नाही. सगळीकडे सारखं जड असेल तर ते नवेपणाचं आहे. शाफ्ट लेथमध्ये धरून, भरपूर तेल देत, अर्धा तास हळू फिरवा.

मग हवा. कॉम्प्रेसर असेल तर दाब अर्ध्या बारपासून सुरू करा. हे इंजिन एकाच बाजूने ढकललं जाणारं आहे, ते आपणहून सुरू होत नाही, चाकाला बोटाने झटका द्यावाच लागतो. उलट्या दिशेने पळालं तर काही बिघडलेलं नाही, नळ्यांची अदलाबदल करा.

चाललंच नाही तर क्रमाने बघा. क्रँक आडवी असताना, म्हणजे सिलिंडर पूर्ण कललेला असताना, हवेच्या नळीतून सिलिंडरचं पोर्ट दिसायला हवं; बारीक तार घालून ते खरंच समोर आहे का पाहा. मग सिलिंडर सरळ उभा करून हवा सोडा: दुसऱ्या नळीतून हवा येत असेल तर भोकं मोठी झालीत किंवा बाजू टेकत नाही. कडेने साबणाचं पाणी लावलं की फुगे नेमकी जागा दाखवतात. फुगे फक्त वरच्या टोकाला येत असतील तर खुंटी तिरपी आहे, आणि कितीही घोटून ते जाणार नाही. खुंटी काढून सिलिंडर पुन्हा चकवर घ्यावा लागेल. पिस्टनच्या बाजूने खाली येणारी थोडी हवा मात्र मनावर घेऊ नका, तेल मिळालं की ती बरीच कमी होते.

वाफ

बॉयलर हा वेगळा विषय आहे आणि इथे मला ठामपणे बोलायचं आहे: बॉयलर पितळेचा करू नका. गरम पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं, मागे सच्छिद्र तांबं उरतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बॉयलर तांब्याचा, त्याचे बूच-बसवायचे कडे ब्राँझचे, आणि सगळे सांधे चांदीच्या झाळेचे. नरम झाळ बॉयलरवर अजिबात नको; पाणी आटलं की ती ज्योतीखाली वितळते. पहिला बॉयलर अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली करा किंवा तपासलेला विकत घ्या. चालवण्याच्या दाबाच्या दुप्पट दाबावर थंड पाण्याने भरून तपासायचा, हवेने कधीच नाही. दाबलेल्या पाण्यात साठलेली ऊर्जा नगण्य असते, सांधा सुटला तर पाणी गळतं आणि विषय संपतो. दाबलेली हवा किंवा वाफ मात्र तुकडे फेकते. पाण्याची वाफ होताना ते सुमारे १,६०० पट जागा मागतं, हे लक्षात ठेवा. सेफ्टी व्हॉल्व्ह दर वेळी हाताने उचलून पाहिल्याशिवाय आग लावायची नाही.

आपल्या इंजिनाला १ ते २ बार दाब भरपूर झाला. २ बारला पिस्टनवर साधारण १६ न्यूटन जोर येतो. ६०० फेऱ्यांना, १ बारवर, हिशेबाने मिनिटाला ग्रॅमभर पाण्याची वाफ लागते. प्रत्यक्षात दुप्पट धरा, कारण थंड भिंतींवर बरीच वाफ पाणी होऊन वाया जाते. म्हणजे १०० मिलिलिटर वापरता येण्याजोगं पाणी अर्ध्या तासाला सहज पुरतं.

पहिली वाफ सोडल्यावर इंजिन खोकतं, थुंकतं आणि अडतं. सिलिंडर थंड असल्यामुळे वाफेचं आत पाणी झालेलं असतं आणि पाणी दाबलं जात नाही. इथे ती हलकी स्प्रिंग कामाला येते: पिस्टनने पाणी ढकललं की सिलिंडर पट्टीपासून केसभर उचलला जातो, पाणी निसटतं आणि काही तुटत नाही. चाक हाताने, फडक्याने धरून, पुढे-मागे फिरवत राहा. बाहेर येणारी नळी एखाद्या डब्यात सोडा, कारण गरम पाणी आणि तेल लांबवर उडतं. सिलिंडर हात लावता येणार नाही इतका तापला की अडखळणं थांबतं आणि इंजिन एकदम सुरात येतं. तो आवाज हवेवरच्या आवाजापेक्षा वेगळा असतो, जास्त मऊ, आणि तो ऐकायलाच आपण हे सगळं केलेलं असतं.

तेल वाफेच्या इंजिनाचंच, घट्ट सिलिंडर ऑइल हवं. साधं मशीनचं तेल गरम पाण्यात धुऊन जातं. वाफेच्या नळीला एक छोटी तेलाची डबी जोडली तर तिच्यात शिरलेल्या वाफेचं पाणी तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वर उचलून वाफेत सोडतं. अशी डबी करायला तासभर लागतो आणि तिच्यात हलणारा एकही भाग नाही. दर वेळी इंजिन सुरू करण्याआधी तिच्यातलं पाणी काढून तेल भरायचं.

चालवून झालं की आग विझवा, पण इंजिन गरम असतानाच वाफेच्या नळीतून दोन थेंब तेल सोडा आणि चाक पन्नासेक वेळा हाताने फिरवा. झाकण न उघडता, खालच्या उघड्या तोंडातून आत कापडाची वात घालून पाणी टिपून घ्या. स्प्रिंगचा नट दोन फेरे सैल करून ठेवा आणि इंजिन आडवं न ठेवता उभं ठेवा, म्हणजे उरलेलं पाणी बोअरमध्ये न साचता खाली गळून जातं.